काच आतून धुरकटते तेव्हा : पाहण्यातल्या या चुका टाळा

पावसाळ्यात बेळगावहून जांबोटी, कणकुंबीमार्गे चोर्ला घाटाकडे गाडी नेणाऱ्या बहुतेकांना हा अनुभव असतो : पाऊस बेताचाच असतो, तरी समोरचे दिसेनासे होते, मग वायपरचा वेग वाढतो, काचेवर फवारा मारला जातो, शेवटी पावसाला शिव्या बसतात आणि काच जशीच्या तशी राहते. मीही कित्येक वर्षे हेच करत होतो. एकदा शेजारी बसलेले मामा, ज्यांचे सारे आयुष्य ट्रकच्या स्टिअरिंगवर गेले, शांतपणे म्हणाले, "अरे, आतनं बोट फिरवून बघ की." बोट फिरले तेवढ्या रेघेतून रस्ता स्वच्छ दिसला.

दोष बाहेरच आहे असे गृहीत धरणे, ही पहिली चूक. पावसाने गार झालेल्या काचेवर आपल्याच श्वासातले बाष्प आतून धरते, आणि हवा आतल्या आत फिरवण्याचे बटण चालू असेल तर ते गाडीतच कोंडून राहते. ते बटण बंद करून बाहेरची हवा घ्यावी आणि एसी लावून झोत काचेवर सोडावा, कारण एसी हवेतला ओलावा काढून घेतो. नुसते फडके मारल्यास काच लगेच पुन्हा धुरकटते. उलट, दमट हवेत एसी फार गार ठेवला तर बाष्प बाहेरून धरते आणि तेव्हा वायपरच उपयोगी पडतो. म्हणून उपायाआधी बोट. घरातला प्रत्येक जण आज तिरसटासारखा वागतो आहे असे वाटू लागले, की मी हेच करतो : रात्री झोप झाली होती का, दुपारचे जेवण राहिले आहे का, सकाळी कोणाशी वाजले होते, हे आधी तपासतो. अर्थात कधी कधी बाहेर खरोखरच चिखल असतो. प्रत्येक वेळी दोष स्वतःकडे ओढून घेणे हेही निदान चुकणेच आहे.

दुसरी चूक अधिक फसवी आहे, कारण तिच्यात सगळे स्वच्छ दिसत असते. जांबोटीत खानापूरच्या रस्त्याला वळताना मी दोन्हीकडे पाहिले होते, रस्ता मोकळा होता, आणि तरीही एक दुचाकी अगदी बॉनेटसमोर आली. ती आकाशातून पडली नव्हती. समोरच्या काचेच्या कडेला छत पेलणारा जो खांब असतो, त्याच्या आड ती सरकत होती, आणि दोघांचा वेग असा जुळला होता की ती त्या आडोशातून बाहेर येतच नव्हती. खांब काढता येत नाही, कारण छत त्याच्यावर उभे आहे. वळण्यापूर्वी पाठ सीटवरून उचलून मान पुढे-मागे करणे मात्र जमते. एखाद्या माणसाबद्दलचे आपले पक्के मतही असेच असते : आपल्याला आधार देते आणि त्याच्यातला बदल नेमका झाकते.

वेगाबाबत थोडक्यात. निपाणीहून महामार्गाने तासभर ऐंशीने आल्यावर शहरातल्या रस्त्यावर साठचा वेगही रांगल्यासारखा वाटतो, प्रत्यक्षात गाडी सेकंदाला सुमारे 17 मीटर जात असते. पाटीवरच्या भाषेवरून आमच्याकडे हिरिरीने वाद होतात, काट्यावरच्या आकड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. कामावरून घरी आल्यावरचा आवाजही याच हिशेबाने तपासावा.

राहिला प्रखर दिव्यांचा प्रश्न. गळीत हंगामात चिकोडी, संकेश्वर भागात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्याच्या कडेने चाललेल्या असतात, अनेकींना मागे दिवाही नसतो, आणि समोरच्याने अप्पर मारला की त्या दिसतच नाहीत. अशा वेळी नजर त्याच्या दिव्यांवर न ठेवता रस्त्याच्या डाव्या कडेवर ठेवावी आणि वेग कमी करावा. मात्र समोरच्याला शिवी देण्यापूर्वी स्वतःच्या काट्यांजवळ निळा दिवा पेटला आहे का, ते पाहावे. तो पेटला असेल तर आपलाही अप्परच चालू असतो. मामांच्या शेजारी बसून मी जितक्या वेळा चिडलो, त्यातल्या निम्म्या वेळा तरी तो पेटलेला होता, आणि ते काही न बोलता फक्त तिकडे बोट दाखवत.