विहिरीतले औषधाला न जुमानणारे जंतू : या चुका टाळा

नेहमीच्या अँटिबायोटिकला दाद न देणारे जंतू आता दवाखान्यापुरते राहिलेले नाहीत. 2011 साली ‘लॅन्सेट इन्फेक्शस डिसिजेस’मध्ये दिल्लीच्या पाण्याचा अभ्यास छापून आला. रस्त्याकडेला साचलेल्या पाण्याच्या 171 नमुन्यांपैकी 51 मध्ये आणि नळाच्या 50 पैकी 2 नमुन्यांत एनडीएम-1 हे जनुक सापडलं. ते ज्या जंतूत असतं, त्याच्यावर डॉक्टर शेवटी राखून ठेवतात ती कार्बापेनेम इंजेक्शनंही बहुतेकदा चालत नाहीत. आपल्या विहिरीला हे होणार नाही असं धरून चालू नका. माणसाची नि जनावराची घाण पाण्यात उतरते, तिच्याबरोबरच हे जंतू येतात.

पण म्हणून हात टेकायचे नाहीत. “गोळीनं मरत नाही तो क्लोरीननं काय मरणार?” असं लोक विचारतात. मरतो! गोळी जंतूच्या एखाद्याच ठरावीक जागेवर घाव घालते आणि जंतू तेवढी जागा बदलून किंवा औषधच तोडून निसटतो. क्लोरीन आणि उकळी त्याचा सगळा डोलाराच मोडतात, तिथे ही युक्ती कामाला येत नाही. पाणी खळखळ उकळल्यावर एक मिनिट तसंच ठेवलं की पुरे. तुरटीनं मात्र गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. फडक्यानं गाळण्याचंही तेच.

सगळ्यात मोठा घोळ टीसीएलचा, म्हणजे ब्लीचिंग पावडरीचा. कोरडी पावडर वरून विहिरीत भिरकावली की चुना तळाला जातो, क्लोरीन पाण्यात नीट मिसळत नाही आणि नोंदवहीत मात्र ‘शुद्धीकरण केले’ असं लिहिलं जातं. ताज्या पावडरीत साधारण 33 टक्के क्लोरीन असतं. तोंड उघडी गोणी पावसाळाभर ओलसर खोलीत पडली की ते उडून जातं. गठ्ठे झालेत, उग्र वास येत नाही, अशा पावडरीवर गावाचा जीव टाकू नका.

मात्रा अंदाजानं नको. गोल विहिरीचा व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये) गुणिले 785, एवढे लिटर पाणी. व्यास 4 मीटर, पाणी 3 मीटर असेल तर सुमारे 37,700 लिटर. चांगली पावडर 1,000 लिटरला अडीच ग्रॅम धरली तर साधारण 95 ग्रॅम होते. गढूळ पाण्याला जास्त लागते. प्लास्टिकच्या बादलीत आधी पेस्ट करा, पाणी घालून ढवळा, दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी दुसऱ्या बादलीत घेऊन ती बादली दोरानं विहिरीत सोडा आणि खालीवर हलवा. खाली उरलेला चुना विहिरीत टाकू नका. हे काम रात्री, उपसा थांबल्यावर करावं. निदान तासभर तरी पाणी काढू नये.

मग ओटी टेस्ट, म्हणजे थेंब टाकून पाण्यात क्लोरीन उरलंय का हे बघायची चाचणी. ती विहिरीजवळच्या नळाला करून भागत नाही, शेवटच्या घरच्या नळाला करा. पाणी पिवळं झालं नाही तर पावडर मेलेली आहे, मात्रा कमी पडली आहे किंवा वाटेत पाइप फुटून गटाराचं पाणी आत येतंय. लिटरमागे किमान 0.2 मिलीग्रॅम क्लोरीन तिथवर टिकायला हवं.

नमुना देताना लोक प्रयोगशाळेची बाटली ‘स्वच्छ’ म्हणून विसळून घेतात. विसळू नका. आतलं रसायन नमुन्यातलं क्लोरीन मारण्यासाठीच असतं. ते गेलं तर वाटेत जंतू मरतात आणि अहवाल खोटाच चांगला येतो. बाटली थंड ठेवून त्याच दिवशी पोचवा. अहवालात ई. कोलाय (विष्ठेतून येणारा जंतू) आहे की नाही एवढंच कळतं, तो कुठल्या औषधाला दाद देत नाही हे या तपासणीत दिसत नाही. 100 मिलीलिटरमध्ये एकही नको, हे प्रमाण साध्या आणि औषधाला न जुमानणाऱ्या, दोन्ही ई. कोलायला सारखंच.

टीसीएल नीट टाकूनही अहवाल पुन्हा पुन्हा वाईट येत असेल तर पावडर वाढवत बसू नका, विहिरीभोवती एक फेरी मारा. कठडा तडकलाय का, धुण्याचं पाणी परत आत जातंय का, संडासाचा शोषखड्डा किंवा उकिरडा 15 मीटरच्या आत आहे का, ते बघा.

या जंतूंसाठी लोक औषध कारखान्यांना दोष देतात, तो खराच आहे. हैदराबादजवळच्या पटनचेरूत औषध कारखान्यांचं सांडपाणी शुद्ध करून सोडलं जायचं, त्यातही लिटरमागे 31 मिलीग्रॅमपर्यंत सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आढळल्याचं 2007 साली प्रसिद्ध झालं. पण ज्या गावाजवळ एकही कारखाना नाही, तिथे हे जंतू आपल्याच पोटात तयार होतात. पातळ जुलाब झाले की मेडिकलमधून दोन गोळ्या आणायच्या, बरं वाटलं की उरलेल्या डब्यात ठेवायच्या. पोटातले साधे जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात, आणि शोषखड्ड्यातून विहिरीकडे निघतात. साध्या जुलाबाला ओआरएस लागतं, लहान मुलांना सोबत झिंक. शौचात रक्त पडत असेल, ताप उतरत नसेल किंवा मूल मलूल होत असेल तर दवाखाना गाठा. ज्या पाकिटावर उभी लाल रेघ आहे ते चिठ्ठीशिवाय मागू नका, आणि उरलेल्या गोळ्या संडासात किंवा ओढ्यात टाकू नका.