आधी कान बघा
झांबियात चिम्फुन्शी इथं १९८३ पासून अनाथ चिंपांझी सांभाळले जातात. आज शंभरावर आहेत. अशा ठिकाणी स्वयंसेवक म्हणून गेलात, तर पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा खोलीवरच ठेवा, वही घ्या. कुंपणाबाहेर एकाच जागी शांत बसून कान बघा: कुणाची कडा फाटलेली, कुणाची दुमडलेली. ओळख त्यावरून पटते. बोटंही बघा, सापळ्यात अडकून एखादं तुटलेलं असतं. खाणं देताना कोण पुढे घुसतो, कोण मागे थांबतो, ते राखणदाराला नाव विचारून टिपा. आणि दात दाखवून हसू नका हं! चिंपांझी घाबरला की असेच दात विचकतो. सर्दी असेल तर त्या दिवशी जाऊच नका. आपली साधी सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते.