जेवणाच्या सुट्टीनंतर पहिलं पान रखडतंय?

स्प्रिंग बूटवर (जावा ॲप्स बनवायची चौकट) चालणारं ॲप आणि मायएसक्यूएल डेटाबेस. तासभर वर्दळ नसली की पहिलंच पान रेंगाळतं आणि लॉगमध्ये हिकारीचा (डेटाबेसची कनेक्शन्स उघडून हाताशी ठेवणारी लायब्ररी) इशारा दिसतो: ‘फेल्ड टू व्हॅलिडेट कनेक्शन’. पूलमधली, म्हणजे अशी हाताशी ठेवलेली, कनेक्शन्स डेटाबेसने आधीच तोडलेली असतात.

१. मायएसक्यूएलमध्ये ‘शो ग्लोबल व्हेरिएबल्स’ चालवून ‘वेट टाइमआउट’ बघा, म्हणजे रिकामं पडलेलं कनेक्शन किती वेळाने तोडायचं तो आकडा. ‘ग्लोबल’ गाळू नका, नाहीतर स्वतःच्या सेशनचा आकडा दिसतो. मूळ आकडा २८८०० सेकंद, पण बऱ्याच सर्व्हरवर तो कमी केलेला असतो.

२. हिकारीचा ‘मॅक्स लाइफटाइम’ (कनेक्शनचं कमाल आयुष्य) त्याहून ३० सेकंद कमी ठेवा. तिकडे ६०० असेल तर इकडे ५७००००.

हो, इथे मिलिसेकंद! चुकून ५७० लिहिलंत तर हिकारी ते नाकारून परत ३० मिनिटांवर जातो. माझा अख्खा दिवस यातच गेला.