लग्नपत्रिकेची फाईल उघडली आणि खात्यातून पैसे गेले: आता काय करायचं, कोणत्या क्रमाने

नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं ऑनलाइन फॉर्म आणि झेरॉक्सचं दुकान आहे. लग्नसराई लागली की कुणी ना कुणी घामाघूम होऊन काउंटरशी येतं आणि म्हणतं, "भाऊ, म्या तं फक्त पत्रिका उघडली नं!" कधी पत्रिकेऐवजी ट्रॅफिक चालान असतं, कधी महावितरणच्या नावाने 'आज रात्री वीज कापणार'. फाईलचं नाव काहीही असो, शेवटी एपीके लिहिलेलं असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ असते, एपीके म्हणजे सरळसरळ अ‍ॅप. फोन आधी विचारतो, अनोळखी ठिकाणचं अ‍ॅप बसवू का? मग विचारतो, मेसेज वाचू देऊ का? घाईघाईत दोन्हीकडे 'अलाऊ' दाबलं गेलं की बँकेचे ओटीपी तुमच्यासोबत चोरालाही दिसू लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, बँकेत गेल्यावर तिचं काम पडणार आहे.

उघडायलाच नको होतं, हे सांगणारे घरात पुष्कळ भेटतील. उघडलं आहे, तर हे करा.

फोनचं नेट तोडा

विमान मोड लावा आणि वायफाय वेगळं बंद झालंय का ते बघा. सिम काढून घरातल्या दुसऱ्या, शक्यतो साध्या बटणाच्या फोनमध्ये घाला. तिथून ##००२# डायल करून कॉल फॉरवर्डिंग, म्हणजे तुमचे कॉल दुसऱ्या नंबरवर वळवणं, रद्द करा. ते नेटवर्कवर लागलेलं असतं, सिम काढल्याने जात नाही. फोन रिसेट मारायचा सल्ला देणारा एक भाचा प्रत्येक घरात असतो. त्याला थांबवा. आत्ताच रिसेट मारलात तर ती फाईल, तो नंबर, ते मेसेज सगळं पुसलं जाईल आणि दाखवायला हातात काही उरणार नाही.

१९३० लावा

ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन, दुसऱ्या फोनवरून लावा. लागत नसेल तर लावत राहा, मधल्या वेळात सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या सरकारी पोर्टलवर तक्रार भरायला घ्या. चोर पैसे एका खात्यात ठेवत नाही. पहिल्यातून दुसऱ्यात, तिथून तिसऱ्यात फिरवतो आणि एटीएममधून काढतो. १९३० ची तक्रार त्या साखळीतल्या बँकांकडे जाते आणि ज्या खात्यात रक्कम अजून शिल्लक असेल तिथे ती रोखली जाते. म्हणून 'उद्या सकाळी शांतपणे पाहू' हे इथे चालत नाही.

१९३० वर बोलणारा माणूस व्यवहार क्रमांक मागेल. यूपीआय आणि आयएमपीएसचा हा क्रमांक बारा आकडी असतो. लोक अ‍ॅपमधला अक्षरं-आकडे मिसळलेला लांबलचक क्रमांक वाचून दाखवतात. तो त्या अ‍ॅपचा अंतर्गत क्रमांक, तो नको. बँकेच्या मेसेजमध्ये किंवा स्टेटमेंटमध्ये यूटीआर किंवा रेफरन्स म्हणून असतो तो सांगा. पैसे चार तुकड्यांत गेले असतील तर चारही क्रमांक द्या. शेवटी मिळणारा पोच क्रमांक कागदावर लिहा. फोनवर तक्रार झाली तरी पोर्टलवरची सविस्तर तक्रार चोवीस तासांच्या आत पूर्ण करा.

बँकेला लेखी कळवा

बहुतेक सल्ले १९३० वर येऊन थांबतात. '१९३० ला सांगितलं म्हणजे बँकेला कळलंच' असं मानून लोक घरी बसतात. माझा सगळ्यात जास्त राग या सल्ल्यावर आहे. पोलिसांकडची तक्रार वेगळी आणि तुमच्या बँकेला तुम्ही स्वतः दिलेली सूचना वेगळी. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात ग्राहकाची जबाबदारी ठरवली, ती या दुसऱ्या गोष्टीवर. सहकारी बँकांसाठी तसंच परिपत्रक त्याच वर्षी डिसेंबरमध्ये निघालं. आपल्याकडे बऱ्याच लोकांची खाती नागरी सहकारी बँकांत असतात, म्हणून मुद्दाम सांगतोय.

त्यात असं आहे. चूक ना तुमची ना बँकेची, तिसऱ्याच कुणीतरी व्यवहार केला आणि बँकेची सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांपर्यंतचा फटका. त्यानंतर बँकेच्या धोरणाप्रमाणे. आणि तुमच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील, तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दोन्ही बाबतीत घड्याळ तुम्ही कळवलं त्या क्षणाशी बांधलेलं आहे. मानेवाड्याच्या एका काकांचे पैसे सकाळी एकदा आणि दुपारी एकदा गेले. मधल्या वेळात त्यांनी अर्ज देऊन पोच घेतली होती. दुपारची रक्कम बँकेला द्यावी लागली, सकाळच्या रकमेसाठी ते अजून भांडताहेत.

ही पोच मिळवतानाच सुरुवातीला माझी पुरती दमछाक व्हायची. शाखेत म्हणायचे, "पयले एफआयआर आणा, मंग पाहू." ठाण्यात म्हणायचे, "पयले बँकेचं स्टेटमेंट आणा." या दोन खिडक्यांच्या मध्ये माणूस उन्हातान्हात चेंडूसारखा टोलवला जातो. आता मी लोकांना सांगतो, वाद घालू नका, खाली बसा आणि म्हणा, "एफआयआर नंतर आणतो, आत्ता फक्त अर्ज घ्या आणि शिक्का मारा." शिक्क्याखाली तारीख हवीच, पण वेळही पेनने लिहून घ्या. वेळ लिहायला टाळाटाळ होते, हटू नका. शाखा बंद असेल तर एटीएम कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर फोन करा आणि ईमेल पाठवा, ईमेलवर वेळ आपोआप पडते. कस्टमर केअरचा नंबर गूगलवर शोधू नका, तिथे दुसरा चोर बसलेला असू शकतो.

आता अर्जातला मजकूर. लोक अपराधी भावनेने लिहितात, 'माझ्याकडून चुकून ओटीपी दिला गेला, कृपया माफ करावे.' आणि चौकशी केली तर कळतं, ओटीपी त्यांनी कुणालाच सांगितलेला नाही. फोनमधल्या अ‍ॅपने मेसेज परस्पर वाचले. पण तुमच्या सहीनिशी लिहिलेलं ते एक वाक्य बँकेला पुरतं. ग्राहकाची चूक सिद्ध करायची जबाबदारी परिपत्रकाने बँकेवर टाकली आहे, ती तुम्ही स्वतःहून उचलून घेता. जे घडलं तेवढंच लिहा:

'दिनांक अमुक रोजी दुपारी अमुक वाजता व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली फाईल उघडल्यानंतर माझ्या फोनमध्ये एक अ‍ॅप बसले. त्यानंतर माझ्या खात्यातून खालील व्यवहार झाले. हे व्यवहार मी केलेले नाहीत. मी ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगितलेला नाही. माझे कार्ड, यूपीआय व नेट बँकिंग तात्काळ बंद करावे.'

खाली व्यवहार क्रमांक, रकमा आणि १९३० चा पोच क्रमांक. खरोखर फोनवर ओटीपी सांगितला असेल तर शेवटून दुसरं वाक्य काढा आणि कुणाला, कधी सांगितला ते लिहा. खोटं लिहू नका, एक खोटं सापडलं की बाकीचा खरा अर्जही संशयात जातो. एपीके बसवणं हीच तुमची चूक, असं बँक म्हणेल. म्हणू द्या. ते त्यांनी लेखी म्हणावं, तुम्ही त्यांच्या वतीने लिहून देऊ नये. कळवल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत वादातली रक्कम खात्यात तात्पुरती जमा करावी आणि नव्वद दिवसांत निकाल लावावा, असं परिपत्रक सांगतं. अर्जात त्याची तारीख घाला. ६ जुलै २०१७ हे आकडे दिसले की काउंटरवरचा सूर बदलतो, हा माझा अनुभव आहे.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फोन

व्हॉट्सअ‍ॅपमध्ये लिंक्ड डिव्हायसेसमध्ये जाऊन अनोळखी यंत्रं काढा आणि टू-स्टेप पिन लावा. तीच पत्रिका आता तुमच्या नावाने मावशी-आत्यांना जात असते, म्हणून नातेवाइकांच्या ग्रुपवर दुसऱ्याच्या फोनवरून सांगा. लाज वाटते, तरी सांगा. फाईलचं नाव, पाठवणाऱ्याचा नंबर आणि बँकेचे मेसेज यांचे फोटो दुसऱ्या फोनने काढून झाले, पोलिसांनी फोन बघितला, की मग खुशाल रिसेट मारा. पासवर्ड त्यानंतर बदला, आधी नाही.

ठाण्यात

'हे आमच्या हद्दीत येत नाही' हे उत्तर ऐकून परत फिरू नका. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत, गुन्हा कुठेही घडला तरी माहिती नोंदवून घ्यायची तरतूद आहे. रोखलेली रक्कम परत मिळायला अनेकदा न्यायालयाचा आदेश लागतो आणि त्यासाठी ही नोंद लागते. त्याच दिवसांत 'तुमचे पैसे सोडवून देतो, आधी फी भरा' असा फोन येऊ शकतो. तो ठेवून द्या.

बँक दाद देत नसेल

तीस दिवस उत्तर नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. जा म्हणजे संविधान चौकातल्या रिझर्व्ह बँकेच्या दारात अर्ज घेऊन उभे राहू नका, लोक तसंही करतात. तक्रार सीएमएस डॉट आरबीआय डॉट ओआरजी डॉट इन वर ऑनलाइन भरायची, पैसे लागत नाहीत. पोस्टाने पाठवलेली तक्रार चंदीगडच्या केंद्राकडे जाते आणि वेळ खाते. सोबत वेळ लिहिलेल्या शिक्क्याची प्रत किंवा पाठवलेला ईमेल, बँकेचं उत्तर आणि स्टेटमेंट जोडा. स्कॅन वाचता येईल असं करा, मोबाइलने तिरपा काढलेला फोटो नको.