वेळेवरची मोजणी : समुद्रकाठच्या हॉलिडे होममध्ये पहिल्यांदा कामाला जाताना

पहिल्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरातल्या मावशी म्हणाल्या, "पोरां वेळेर गेली." मी घड्याळात बघितलं. सव्वासहा. वेळेवर गेली म्हणजे कुठे गेली? कागदावर तर सातला चहा लिहिलाय. पाच मिनिटं मी तशीच व्हरांड्यात उभी. मालवणीत 'वेळ' म्हणजे समुद्रकिनारा, हे मला इचलकरंजीच्या एका बारा वर्षांच्या मुलाने सांगितलं. तो तिसऱ्यांदा आला होता, मी पहिल्यांदा.

एमएसडब्ल्यूची, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर पदवीची, शेवटची परीक्षा झाली की महिनाभराची ब्लॉक प्लेसमेंट असते, एखाद्या संस्थेत राहून प्रत्यक्ष काम करायचं. मी वेंगुर्ल्याजवळचा हा बंगला निवडला, जिथे मे महिन्यात गरिबांच्या आणि वसतिगृहांतल्या मुलांना सुट्टीला आणतात. कारण समुद्र. खोटं कशाला बोलू? त्यानंतर दर मे महिन्यात जाते. हल्ली एप्रिल लागला की कुणा ना कुणा विद्यार्थ्याचा फोन येतो, "ताई, तिथं नेमकं काय करायचं असतं?" फोनवर तेच तेच सांगून कंटाळले, म्हणून एकदाच लिहिते.

बंगला एका चर्चच्या ट्रस्टचा. गावात त्याला 'मिशनाचो बंगलो' म्हणतात. घाटावरची मिशन इथे कोकणात कशी, हा प्रश्न मलाही पडला होता. रॉयल वाइल्डर हे अमेरिकन मिशनरी १८५२ साली कोल्हापुरात आले, १८९४ मध्ये डॉ. वॉनलेस यांनी मिरजेचं हॉस्पिटल उभं केलं, आणि त्याच प्रेस्बिटेरियन (एक प्रोटेस्टंट पंथ) मंडळींचं एक टोक घाट उतरून वेंगुर्ल्यापर्यंत आलं. इथल्या सेंट ल्यूक्स हॉस्पिटलात काम करणाऱ्या डॉ. गोहीन यांचा मुलगा १९१९ मध्ये वेंगुर्ल्यातच जन्मला, पुढे प्रिन्स्टन विद्यापीठाचा अध्यक्ष आणि अमेरिकेचा भारतातला राजदूत झाला. गावातली जुनी माणसं हे अजून सांगतात, आपल्याच भावकीतला असल्यासारखं.

गरिबांच्या मुलांना सुट्टीला न्यायचं, ही कल्पनाही चर्चच्या माणसाचीच. १८७७ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या शर्मन गावच्या विलर्ड पार्सन्स या पाळकांनी गावकऱ्यांना विनंती केली, न्यूयॉर्कच्या कोंदट चाळींतली मुलं चार दिवस तुमच्या घरी ठेवून घ्या. क्षयाचा काळ होता, मोकळी हवा हेच औषध. आपल्याकडे आता हवा हे कारण उरलेलं नाही. आमची मुलं येतात ती यंत्रमागाच्या वस्तीतून, वीटभट्टीवरून, मिरज-कोल्हापूरच्या वसतिगृहांतून. सुट्टीत घरी गेली की ती कामाला लागतात. बॉबिनं भरायची, धाकट्याला काखेत घेऊन फिरायचं. ज्या वसतिगृहातल्या मुलांना घरच नाही, त्यांना मे महिना सगळ्यात लांब वाटतो. म्हणून आठ रात्री समुद्र.

एका तुकडीत बेचाळीस मुलं आणि आपण सात जण. शेवटची तुकडी २५ मेच्या आत परत निघते. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, पण समुद्राला तारीख कळत नाही, तो त्याआधीच बिघडायला लागतो.

निघण्याआधीची कागदपत्रं पटकन सांगते. तुमची पोलीस पडताळणी लागेल, अर्ज महिनाभर आधी करा. बालगृहातल्या मुलांसाठी बालकल्याण समितीची लेखी परवानगी आणि घरून येणाऱ्यांसाठी पालकांची सही, हे ट्रस्ट बघतो. तुम्ही एक करा : प्रत्येक मुलाचा आजार, औषध आणि कशाची ॲलर्जी आहे, हे वहीत स्वतःच्या हाताने उतरवून घ्या. छापील यादी आंबोली घाटात सापडत नाही. आणि काही मुलं रोज ठरलेल्या वेळी गोळ्या घेतात. कशाच्या, ते फक्त दोघांना माहीत असतं. त्यांना चारचौघांत हाक मारून बोलवायचं नाही. आमच्याकडे त्या वेळी ते मूल 'कोंबड्यांना दाणे घालायला' जातं.

कोल्हापूर, गडहिंग्लज, आजरा, आंबोली, सावंतवाडी असा रस्ता, पाच तास तरी धरा. गाडी लागणाऱ्यांना पुढे बसवा. सकाळी पोटभर पोहे देऊ नका. मी दिले होते.

आता मुख्य काम. नवी माणसं येतात ती गाणी, खेळ, पपेट असं भरपूर सामान घेऊन. दुसऱ्या दिवशी ते सगळं कपाटात जातं. मुलांना आनंद द्यायचं काम समुद्र करतो आणि तुमच्यापेक्षा कितीतरी चांगलं करतो. तुम्ही फक्त मोजायचं. उठल्यावर मोजा, चहाला मोजा, वेळेवर जाताना फाटकात मोजा, वाळूत उतरल्यावर मोजा, पाण्यात दर पाच मिनिटांनी मोजा, परतताना फाटकात पुन्हा मोजा. डोकी मोजू नका, ती हलतात. सहाजणांची एक साखळी आणि प्रत्येकाचा नंबर ठरलेला. "चार!" असा आवाज आला नाही की थांबायचं. त्यांना तो खेळ वाटतो.

माझ्या दुसऱ्या वर्षी एका संध्याकाळी फाटकात एकेचाळीस झाले. पुन्हा मोजले, एकेचाळीस. पाचव्या साखळीतली दोन नंबरची मुलगी नव्हती. ती साखळी माझी होती आणि मी पाण्यातून निघताना मोजलंच नव्हतं, कारण मी फोनवर सूर्यास्ताचा फोटो काढत होते. पाण्यात मुलांवर लक्ष ठेवणारे गावातले तांडेलमामा उलटे किनाऱ्याकडे पळाले. मी बंगल्याभोवती हाका मारत फिरले, माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. मागच्या दाराशी मावशी ताटात कांदा घेऊन बसल्या होत्या आणि शेजारी ती मुलगी, ओल्या फ्रॉकवरच, लसूण सोलत. "शोधतंस कोणाक गो? ह्यां चेडू हय आसा."

नऊ वर्षांची होती ती. घरी सगळा स्वयंपाक तीच करायची. "नुसतं बसून कसं व्हायचं ताई," म्हणाली. मी तिला रागावले नाही, तेवढं भान राहिलं. रात्री बैठकीत मात्र मी सगळं सांगितलं, फोटोसकट. तेव्हापासून पाण्याकडे जाताना सातही जणांचे फोन डब्यात बंद होतात. तुम्हालाही ठेवावा लागेल, कुरकुर करू नका. आणि त्या मुलीला पुढे रोज अर्धा तास स्वयंपाकघरात जाऊ दिलं. काहींनी विरोध केला, इथेही काम करायला लावता का म्हणून. माझं मत वेगळं आहे. जिला रिकामं बसायची सवय नाही, तिला हातातलं काम काढून घेतलं की भीती वाटते. सहाव्या दिवशी ती आपणहून वाळूत खड्डा खणत बसली, लसूण विसरून.

पाण्यात कधी उतरायचं हे वेळापत्रक ठरवत नाही, तिथी ठरवते. इथल्या लोकांचं सोपं गणित आहे : तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, सप्तमीला सव्वापाच, पुनवेला किंवा अमावास्येला सव्वाअकरा. अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे होतो. तिथून सहा तासांनी ओहोटी, तिला इथे सुकती म्हणतात. रोज भरती साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून कालचीच वेळ आज चालत नाही. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाणी फार चढत-उतरत नाही, लहान मुलांना तेच दिवस बरे. पुनव-अवसेला उधाण. आम्ही भरती चढत असतानाच उतरतो, गुडघ्यापर्यंत, फार तर मांडीपर्यंत. सुकती लागली की सगळे बाहेर, कुणी कितीही रडो. समुद्राच्या बाजूला तांडेलमामा आणि त्यांचा पुतण्या उभे राहतात. तुम्हाला पोहता येतं म्हणून तुम्ही तिथे उभं राहायचं नाही. तलावातलं पोहणं वेगळं. मामांनी हात वर केला की वाद न घालता बाहेर यायचं.

समुद्रापेक्षा जास्त त्रास मला आवारानेच दिलाय. काजूच्या झाडाखाली पडलेलं बोंडू, म्हणजे काजूचं फळ, मुलं खातात, खाऊ द्या, फक्त कपड्यावर पडलेला डाग जन्मात जात नाही हे सांगा. ओल्या बीला मात्र हात लावू द्यायचा नाही. टरफलातला चीक ओठांना लागला की फोड येतात. एकाने दातांनी बी फोडली आणि तीन दिवस त्याला पेज भरवावी लागली. दुसरं, चिऱ्याच्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, बसू द्यायचं नाही. लाल विंचू त्याच फटींत असतो. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार दाखवून दिला, त्यामुळे पूर्वीसारखी माणसं दगावत नाहीत, पण मूल लवकर दवाखान्यात पोचलं पाहिजे. चप्पल झटकून घालायची, टॉवेल झटकून घ्यायचा. मला ही सवय इतकी लागलीय की मी सांगलीत चौथ्या मजल्यावरही चप्पल झटकते.

गोडं पाणी कमी. मे महिन्यात बाव, म्हणजे विहीर, तळाला जाते. खारं अंग धुवायला एकाला एक बादली, आधी पायांची वाळू बाहेर नळाखाली, नाहीतर मोरी तुंबते आणि ती उघडायला तुम्हालाच जावं लागतं. उवांचं तेल-फणी पहिल्याच दिवशी, सगळ्यांचं, म्हणजे कुणा एकीला लाज नको. आमच्याही डोक्याला लावतात.

रात्र ही वेगळी नोकरी आहे. दिवसभर हसणारं मूल अकरा वाजता भिंतीकडे तोंड करून रडतं. लाटांचा आवाज अंधारात मोठा होतो. पाच-सहा जण अंथरूण ओलं करतात, कधी तेरा वर्षांचा मुलगाही. साडेअकराला आणि तीनला हळूच उठवून नेऊन आणायचं. ओली चादर पहाटे कुणाला दिसायच्या आत भिजत टाकायची, चर्चा नाही. आणि एखादं मूल अंधारात काहीतरी सांगतं, घरातल्या कुणाबद्दल. ऐकून घ्या. "कुणाला सांगणार नाही" असं वचन मात्र देऊ नका, कारण सांगावं लागतं. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची तक्रार करणं पॉक्सो कायद्याप्रमाणे बंधनकारक आहे. बंगल्याच्या प्रमुख बाईंना त्याच रात्री उठवायचं. मी एकदा उठवलंय. त्याबद्दल इथे एवढंच.

लोक सगळ्यात आधी विचारतात ते शेवटी ठेवलं होतं : "तिकडे धर्मांतर करतात का?" मी हिंदू घरातली, इतक्या वर्षांत मला कुणी विचारलेलं नाही. सकाळी अर्धा तास भक्ती असते : एक गीत, एक गोष्ट, प्रार्थना. फॉर्मवर तसं आधीच लिहिलेलं असतं. ज्यांना बसायचं नाही ती व्हरांड्यात चित्रं काढतात. बहुतेक जण गाण्याला आत येतात, प्रार्थनेला डोळे किलकिले करून शेजाऱ्याला चिमटे काढतात. एका वर्षी बाहेरून आलेल्या पाहुण्या वक्त्यांनी मुलांना हात वर करायला लावलं, कोण कोण प्रभूला स्वीकारतं म्हणून. बेचाळीस हात वर झाले. खाऊ कोणाला हवा असं विचारलं असतं तरी तेवढेच झाले असते. आम्ही चौघी पाळकबाईंकडे गेलो. त्या शांतपणे म्हणाल्या, "मुलाकडून असं उत्तर घेणं देवालाही आवडणार नाही." ते वक्ते पुन्हा आले नाहीत. तुम्हाला काही खटकलं तर असं थेट बोला, गावी जाऊन कुजबुजू नका.

देणगीदारांशी मात्र मी अजून भांडते. कुठल्याशा मंडळाचे लोक केक घेऊन येतात आणि मुलांना रांगेत उभं करून फोटो काढतात. काळजी आणि संरक्षणाखालच्या मुलाची ओळख कुठेही छापायला बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. हे पाठ करून ठेवा, कलम म्हटलं की कॅमेरे खाली जातात. केक ठेवून घ्या.

पैशाचं विचाराल तर स्वयंसेवकाला एसटीचं भाडं, राहणं आणि मासे-भात. नोकरीच्या मुलाखतीत मात्र या एका महिन्याबद्दल मला जितकं विचारलं गेलं, तितकं दोन वर्षांच्या अभ्यासाबद्दल नाही.

मागच्या वर्षी एका पहाटे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, लागली होती. दोन्ही बाजूंनी दोर ओढायला माणसं कमी, मामांनी मुलांना हाक मारली. रापणीचा रिवाज आहे, दोराला हात लावला त्याला वाटा. अकरा वर्षांच्या एका मुलाने तासभर दोर सोडला नाही, तळहात सोलले. त्याच्या ओंजळीत नऊ तारली, म्हणजे छोटे मासे, पडली. "हे माझंच?" त्याने तीनदा विचारलं. मावशी तळून देते म्हणाल्या, तर तो पाठीमागे लपवायला लागला. आईला न्यायची होती. मग मावशींनी मीठ लावून ती तीन दिवस छपरावर वाळवली, वर जुनं जाळं टाकलं कावळ्यांसाठी, आणि निघताना कागदात, वर प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून दिली.

आंबोलीत गाडी दोनदा थांबवावी लागली. आजऱ्याला चहाला उतरलो, चढताना मी बेचाळीस मोजली. त्याने पिशवी सोडून नऊ मोजली. मागच्या सीटवरची मुलगी ओरडली, "ताई, तुमचं मोजून झालं असंल तर त्याला ती पिशवी बांधायला सांगा की!"