चिपवरील ‘नॅनोमीटर’ कसे वाचावेत

प्रोसेसरच्या जाहिरातीत ‘७ नॅनोमीटर’ असे दिसले, तर तेवढ्या मापाचा एखादा भाग ट्रान्झिस्टरमध्ये, म्हणजे चिपवरील सूक्ष्म विद्युत-स्विचमध्ये, शोधू नये. तो सापडणार नाही. १९९० च्या दशकाच्या मध्यापर्यंत हा आकडा गेटच्या, म्हणजे ट्रान्झिस्टरमधील प्रवाह चालू-बंद करणाऱ्या भागाच्या, लांबीशी साधारणपणे जुळत असे, पुढे मात्र तो केवळ चिपनिर्मितीच्या प्रक्रियेतील पिढीचे नाव उरला.

म्हणून प्रथम गेट पिच, म्हणजे शेजारच्या दोन गेटांमधील मध्य-ते-मध्य अंतर पाहावे, आणि त्यानंतर धातूच्या सर्वांत दाट थरातील तारांचे तसेच अंतर पाहावे. इंटेलने आपल्या १० नॅनोमीटर प्रक्रियेसाठी ही मापे अनुक्रमे ५४ आणि ३६ नॅनोमीटर अशी जाहीर केली होती. याच प्रक्रियेच्या सुधारित आवृत्तीला २०२१ मध्ये ‘इंटेल ७’ हे नाव मिळाले, आणि त्या नावातून तर नॅनोमीटर हा शब्दच गेला, जे मला अधिक प्रामाणिक वाटते.

दोन कंपन्यांची तुलना करताना प्रति चौरस मिलिमीटर ट्रान्झिस्टरांची घनता ताडून पाहावी. इंटेलने त्या १० नॅनोमीटरसाठी सुमारे १० कोटींची घनता सांगितली होती. तरीही हा आकडा सावधपणे वापरावा, कारण नव्या पिढीत स्मृतीचे (मेमरीचे) भाग तर्कमंडलांइतके, म्हणजे गणना करणाऱ्या भागांइतके, आक्रसत नाहीत आणि एकाच प्रक्रियेतील दोन चिपांची प्रत्यक्ष घनता त्यांच्या रचनेनुसार बरीच वेगळी असू शकते.