धरणाकाठचा गळ समुद्रावर नेताना

खडकवासला, मुळशी किंवा पवनेच्या काठावर वर्षानुवर्षे गळ टाकणारा पुणेकर ताम्हिणी घाट उतरून कोकणात पोहोचला, की पहिल्या दिवशी त्याला सर्वांत जास्त गोंधळात पाडते ते पाणी. धरणावर सकाळी जिथे काठी रोवली, तिथे संध्याकाळीही पाणी असते. श्रीवर्धनच्या पुळणीवर मात्र तेच पाणी दोन-तीन तासांत लांबवर ओसरते आणि त्याच्याबरोबर मासाही निघून जातो. धरणावर आपण जागा निवडतो आणि मग दिवसभर वाट पाहतो; समुद्रावर आधी वेळ निवडावी लागते, म्हणून साहित्याच्या दुकानात जाण्याआधी भिंतीवरच्या पंचांगाकडे जावे.

तिथीवरून दिवस ठरवणे

भरती-ओहोटीचे चक्र सुमारे १२ तास २५ मिनिटांचे असते, त्यामुळे पूर्ण भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणात यासाठी एक सोपा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या वापरला जातो: तिथीच्या अंकाची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला ती ३ वाजता येते, अष्टमीला ६ वाजता आणि द्वादशीला ९ वाजता, दिवसाही आणि रात्रीही. शुक्ल पक्ष असो वा कृष्ण, मोजणी प्रतिपदेपासूनच करायची. हा हिशेब अर्ध्या-पाऊण तासाने चुकू शकतो, म्हणून निघण्यापूर्वी मोबाइलवरील भरतीच्या तक्त्याशी तो ताडून घ्यावा. सुट्टीचा कोणता शनिवार धरायचा, हे महिनाभर आधी ठरवायला मात्र तो पुरेसा आहे.

मासा बहुधा चढत्या पाण्याबरोबर काठाकडे येतो. पूर्ण भरतीच्या आधीचे तीन तास आणि नंतरचा एक तास, एवढाच काळ आपला धरावा. एका दिवसात जाऊन यायचे असेल तर पंचमी सोयीची पडते. पूर्ण भरती पावणेचारच्या सुमारास आणि ओहोटी त्याआधी साडेनऊच्या आसपास असते, त्यामुळे पहाटे साडेचारला पुणे सोडून माणगाव-म्हसळामार्गे श्रीवर्धनला नऊ-साडेनऊपर्यंत पोहोचले, तर किनारा उघडा पडलेला पाहायला मिळतो. शिवाय पंचमीला अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा जोर ओसरलेला असतो, ही नवख्यासाठी चांगलीच गोष्ट आहे.

मुक्काम करता येत असेल तर माझी पसंती एकादशीला आहे. त्या दिवशी दुपारी अडीचच्या ओहोटीला किनारा पाहून ठेवावा आणि द्वादशीला पहाटे साडेपाच-सहापासून नऊपर्यंत गळ टाकावा. शाळेच्या भूगोलात आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केलेले असतात. ते इथे प्रत्यक्ष उपयोगी पडतात. पहाटे वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, त्यामुळे फेक लांब जाते आणि लाटाही दबलेल्या असतात. दुपारनंतर तोच वारा समुद्राकडून तोंडावर येऊ लागतो.

हंगाम दिवाळीपासून मे महिन्याच्या मध्यापर्यंतचा समजावा. पावसाळ्यात काठावरूनही गळ टाकू नये. १ जूनपासून यांत्रिक नौका बंद असतात, त्याला माशांच्या प्रजननाइतकेच खवळलेल्या समुद्राचेही कारण आहे.

ओहोटीला किनारा वाचणे

गळ न टाकता एक तास नुसते पाहण्यात घालवणे, ही पायरी बहुतेक जण गाळतात. ओहोटीला पुळणीवरून चालताना वाळूत लांबट खोलगट चर दिसतात, काही ठिकाणी खडकाची कड वाळूत शिरलेली असते, कुठे ओढ्याचे तोंड असते. भरतीचे पाणी चढू लागले की मासा याच चरांतून आत येतो. किनाऱ्यावरचे एखादे सुरूचे झाड किंवा घराचे छप्पर खूण म्हणून धरावे आणि त्यापासून चर किती पावलांवर आहे ते मोजून लिहून ठेवावे. पाणी आल्यावर तोच चर वरून ओळखता येतो: पुढे लाट फुटून पांढरा फेस येतो, त्याच्या मागे काठाकडे एक शांत, गडद पट्टा राहतो आणि मग काठाजवळ लाट पुन्हा फुटते. लाइनच्या टोकाचे वजन, म्हणजे शिसे, त्या गडद पट्ट्यात पडले पाहिजे. तो पट्टा अनेकदा तीस-चाळीस मीटरवरच असतो, आणि नवखा माणूस सगळी ताकद लावून त्याच्या पलीकडे फेकत बसतो.

याच वेळी परतीची वाट पाहून घ्यावी. ओहोटीला कोरडा दिसणारा खडक भरतीत चहूबाजूंनी वेढला जातो. हरिहरेश्वरचा प्रदक्षिणामार्ग ओहोटीतच का करायचा, हे ज्याने तिथे भरतीची लाट आदळताना पाहिली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. पहिल्या काही सहलींत खडकावर जाऊच नये. पुढे जायचेच असेल तर आधी पंधरा-वीस मिनिटे लांबून लाटा पाहाव्यात, ओल्या काळ्या खडकावर पाय ठेवू नये आणि समुद्राकडे पाठ करू नये. कोणी पाण्यात पडल्यास मागोमाग उडी न घेता दोर किंवा घट्ट बंद केलेले रिकामे कॅन फेकावे आणि ११२ किंवा तटरक्षक दलाच्या १५५४ या क्रमांकावर फोन करावा.

साहित्य: काय चालेल, काय बदलावे

धरणावरची सात-आठ फुटी काठी खाडीच्या तोंडाशी चालते. पुळणीवर मात्र लाटांच्या वर लाइन उचलून धरावी लागते, म्हणून ११ ते १२ फुटांची आणि १०० ग्रॅमपर्यंत वजन फेकणारी काठी घ्यावी. रील ५००० किंवा ६००० आकाराचे पुरते. मुख्य लाइन विणलेली असल्यास तिच्या टोकाला काठीच्या दुप्पट लांबीची जाड नायलॉनची लाइन जोडावी. जोरदार फेकीचा झटका ती झेलते, नाहीतर लाइन तुटून शिसे गोळीसारखे सुटते. म्हणूनच फेकण्यापूर्वी मागे कोणी नाही ना, हे प्रत्येक वेळी वळून पाहावे.

तरंगणारा फ्लोट पुण्यातच ठेवावा. बांधणी साधी असते: टोकाला शिसे, त्याच्या हातभर वर गाठ मारून काढलेला वीत-दीड वीत लांबीचा फाटा आणि फाट्याला गळ. गोल शिसे लाटेबरोबर लोळत जाते, म्हणून वाळूत रुतणारे तारांचे शिसे वापरावे. मुडदुशी या वाळूतल्या छोट्या माशासाठी ६ किंवा ८ क्रमांकाचा बारीक गळ लागतो. खाडीच्या तोंडाशी रावस किंवा जिताड्याच्या आशेने बसायचे असेल तर ३/० किंवा ४/० चा मोठा गळ.

कणकेचे गोळे आणि पेंड लाटेत क्षणात विरघळतात. कोळंबी आणि बांगड्याचे लांबट तुकडे हे इथले खरे आमिष. ते सकाळी बाजारात कोळणीकडूनच घ्यावे आणि घेताना, ‘मावशी, सध्या काठाला काय लागतंय?’ एवढे विचारावे. आमिषाच्या पैशांत माहितीही मिळते. मुक्काम असेल तर सोललेल्या कोळंबीवर मीठ चोळून रात्रभर ठेवावे, म्हणजे ती घट्ट होते आणि फेकताना गळावरून सुटत नाही.

फेक, ओढ आणि मासा हातात घेणे

शिसे तळाला टेकले की ढील गुंडाळून लाइन ताणलेली ठेवावी आणि तर्जनी लाइनवर टेकवावी. लाट येते तेव्हा लाइन सावकाश फुगल्यासारखी ताणते आणि सैल पडते. मासा लागतो तेव्हा त्या लयीच्या मध्येच दोन-तीन बारीक ठोके येतात. हा फरक बोटाला कळायला एक सकाळ जाते. रोहूसाठी हिसका मारायची सवय इथे आवरावी, विशेषतः गोल वळणाचा सर्कल गळ असेल तेव्हा. नुसते सावकाश गुंडाळत जावे, गळ आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. मोठा मासा काठाशी आला की मागे जाणाऱ्या लाटेशी भांडू नये. पुढच्या लाटेची वाट पाहून तिच्याबरोबर त्याला वाळूवर सरकवावा.

मासा ओळखल्याशिवाय हात लावू नये. शिंगाळ्याच्या पाठीवर एक आणि दोन्ही बाजूंना एकेक विषारी काटा असतो; टोचल्यास जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवल्याने वेदना कमी होतात, पण त्यानंतर डॉक्टरांकडे जावेच. पाकटाच्या शेपटीलाही असाच काटा असतो, म्हणून उथळ पाण्यात पाय उचलून न टाकता वाळूत घासत चालावे. जिताड्याच्या कल्ल्याची कड पात्यासारखी कापते. गळाला समुद्रसाप आला तर लांबूनच लाइन कापून टाकावी. पक्कड आणि जाड कापड हाताशी ठेवावे.

रापण, म्हणजे काठावरून ओढायचे मोठे जाळे, ओढली जात असेल तर तिच्या दोन्ही बाजूंना भरपूर अंतर सोडून बसावे. तो त्यांच्या रोजीचा किनारा आहे, आपण रविवारचे पाहुणे आहोत. वेळाससारख्या कासवांच्या किनाऱ्यांवर नोव्हेंबरनंतर रात्री प्रखर विजेरी घेऊन फिरू नये.

परतल्यावर त्याच रात्री

माझे पहिले रील खाऱ्या पाण्याने नव्हे, माझ्या आळसाने गेले. घाट चढून रात्री अकराला घरी आलो, पिशवी गॅलरीत ठेवली आणि पुढच्या रविवारी उघडली, तेव्हा रीलवर लाइन वळवणारी बेलची तार पांढऱ्या पुटाने जागीच धरली होती. आता जेवणाआधी ड्रॅग (लाइनचा ताण कमी-जास्त करणारी कळ) घट्ट करून रील नळाच्या बारीक धारेखाली धरतो. जोराचा फवारा मारला तर मीठ उलट आत ढकलले जाते. मग काठीच्या प्रत्येक कडीवरून ओले फडके फिरवतो, गळ आणि स्विव्हल (फिरती जोडकडी) गोड्या पाण्यात बुडवून वाळवतो, ड्रॅग पुन्हा सैल सोडतो आणि दुसऱ्या दिवशी बेलच्या रोलरला तेलाचा एक थेंब देतो. एवढ्याला वीस मिनिटे लागतात.